डाव्या कानातला ड्रमवाला

काचवाल्यांचा आणि त्यांच्या मेहुण्याचा अबोला सुरू झाला तो एका बॅगेवरून. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, प्रवासात काही हरवलं असेल, नाहीतर वाटणीत कुणाला कमीजास्त मिळालं असेल. तसं काही नव्हतं. ही बॅग म्हणजे एक रॉक अल्बम. चौघांच्या एका बँडने पन्नासेक वर्षांपूर्वी केलेला. कव्हरवर रिकाम्या रस्त्याच्या मधोमध एक उघडी बॅग पडलेली दिसते, म्हणून आमच्या गटात त्याला सगळे ‘बॅग’च म्हणतात.

गट म्हणजे आम्ही पाच-सहा जण. रविवारी सकाळी काचवाल्यांचं दुकान बंद असायचं, तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत जमायचो. पुढच्या भागात भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काचा, मधे जाड बनातीच्या कापडाने मढवलेलं कापायचं टेबल, त्यावर काच कापायची हिरकणी, लांब पट्टी आणि रॉकेलची बाटली. मागे रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर, दोन उंच स्पीकर, आणि बसायला लाकडी खोकी. एखादं गाणं फार खालच्या सुरात घुमायला लागलं की पुढच्या काचा थरथरायच्या आणि काचवाले उठून आवाज कमी करायचे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, “गाणं पुन्हा लावता येतं. काच पुन्हा लावता येत नाही.”

अंगाने किरकोळ, साठीच्या जवळ आलेले, बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा. वडिलांचा हाच धंदा. विशीत असताना वडिलांबरोबर एका घरी खिडकीला काच बसवायला गेले आणि त्या घरात बॅग लागली होती. हातातला पुट्टीचा गोळा वाळून कडक होईपर्यंत हे तिथेच उभे. वडिलांनी घरी येईपर्यंत अख्खा रस्ता शिव्या घातल्या. त्यातलं एक अक्षरही आपल्याला ऐकू आलं नाही, असं ते सांगत.

पुढे लग्न झालं. वहिनी पडदे शिवतात. नवरा खिडकीला काच लावतो आणि बायको त्यावर पडदा टाकते, असं गिऱ्हाइकं हसून म्हणत, आणि दोघंही प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसत. वहिनींचा धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. सुट्टीत बहिणीकडे राहायला यायचा. त्याला बॅग ऐकवली ती काचवाल्यांनीच. हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला आणि म्हणाले, “डाव्या कानात ड्रमवाला आहे, उजव्या कानात गिटारवाला. गाणारा मधे, तुझ्या कपाळाच्या मागे. आता हलू नकोस.” पोरगा खरंच हलला नाही. मोठा होऊन एका स्टुडिओत लागला. लोकांनी माइकसमोर वाचलेले धडे आणि जाहिराती साफ करायच्या, मधले श्वास, खोकले, कागदांची सळसळ काढून टाकायची, हे त्याचं काम. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ना, ते पुढे दिसलंच.

मधल्या काळात बॅगेचं एक रीमास्टर येऊन गेलं होतं. त्यावर गटात तोंडी लढाया झाल्या, पण त्या चहाबरोबर संपायच्या. काचवाल्यांचं म्हणणं, नव्या प्रतीत सगळंच मोठ्याने आहे, हळू काही उरलेलंच नाही, गाण्यावर इस्त्री फिरवलीये. तेव्हापासून मेहुण्याचं नावच इस्त्री पडलं, कारण ती प्रत त्याला आवडली होती. त्यानेही राग मानला नाही. “चुरगळलेलं घालून फिरायचं असेल तर फिरा,” म्हणायचा.

मग आलं रीमिक्स. शेजारच्या बाईंनी एकदा वहिनींना विचारलं होतं, हे लोक नेमके भांडतात कशावरून? वहिनी पडद्याला दुमड घालता घालता म्हणाल्या, “समजा, घरातल्यांचा जुना फोटो आहे. त्यावरची धूळ पुसली आणि उजेड वाढवला, की झालं रीमास्टर. आणि त्याच माणसांना उठवून म्हटलं, तू इकडे ये, तू मागे जा, काकांना जरा पुढे घ्या, की ते रीमिक्स.” बॅग स्वतःहून कधीही न लावणाऱ्या बाईने जे सांगितलं, त्याहून बरं आम्हा कुणाला आजवर सांगता आलेलं नाही.

रीमिक्सने गटात सरळ दोन पक्ष पाडले. धूळवाले आणि फडकंवाले. धूळवाल्यांचे पुढारी काचवाले, फडकंवाल्यांचा इस्त्री. वहिनी म्हणायच्या, “दिवसभर काचा पुसता आणि घरी येऊन धूळ हवी म्हणता!” काचवाल्यांकडे त्यावर उत्तर नव्हतं, पण मत होतं.

ती नवी प्रत इस्त्रीच्या घरी ऐकायचं ठरलं. तिसऱ्या गाण्याच्या आधी गाणारा श्वास घेतो आणि त्याची खुर्ची करकरते. नव्या प्रतीत श्वास होता, खुर्ची गेली होती. काचवाल्यांनी नकारार्थी मान हलवली. चौथ्या गाण्यात ड्रम डावीकडून उचलून मधे आणला होता. त्याच गाण्याच्या शेवटी जुन्या प्रतीत आवाज हळूहळू विरतो. नव्या प्रतीत तो थोडा जास्त वेळ चालू ठेवला होता, आणि त्या जास्तीच्या भागात गिटारवाला चक्क चुकलेला ऐकू येत होता.

“बघा!” इस्त्री खूश होऊन म्हणाला. “तुम्हाला धूळ हवी ना? ही घ्या, खरी धूळ. इतकी वर्षं लपवून ठेवलेली.”

“ज्यांनी तेव्हा आवाज खाली ओढला, त्यांना कळत होतं कुठे थांबायचं,” काचवाले म्हणाले.

“म्हणजे खुर्चीची करकर हवी आणि गिटारची चूक नको. भाऊजी, तुमचं काही ठरलंय का?”

“जे होतं ते हवं.”

“तुम्हाला गाणं नकोच आहे. तुम्हाला तुमची विशी हवीये.”

हे इस्त्री हसतच म्हणाला, पण खोलीत कुणी हसलं नाही. काचवाले उठले, दाराशी जाऊन चपला घालायला लागले. घालता घालता म्हणाले, “तुला कुणाचंच काही जसंच्या तसं ठेवता येत नाही. गाणं काय आणि बायको काय.”

इस्त्रीची बायको त्याला सोडून गेली होती, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. गाणं चालूच होतं. इस्त्रीने ते बंदही केलं नाही.

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. इस्त्री रविवारी यायचा बंद झाला. त्याने घर सोडून दुसरीकडे एक खोली घेतली, हे काचवाल्यांना वहिनींकडून कळलं. वहिनींचं मात्र दोन्हीकडे जाणं चालू होतं. भाऊ म्हणायचा, “ताई, भाऊजी बरे आहेत ना?” नवरा विचारायचा, “तो जेवतो-बिवतो का वेळेवर?” वहिनी दोघांनाही एकच उत्तर द्यायच्या, “फोन आहे ना हातात?” असं दोन वर्षांहून जास्त चाललं. कुणी मरत नव्हतं, कुणाचं अडत नव्हतं. असे अबोले टिकतात.

मग एका सकाळी काचवाले उठले ते डावा कान बंद घेऊनच. आत एक बारीक शिट्टी वाजत होती आणि पलंगावरून उतरताना जरा तोल गेला. आंघोळीचं पाणी गेलं असेल, म्हणून डोकं एका बाजूला झुकवून उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी मळ असेल म्हणून तेल घातलं. दुकानात जात राहिले. डावीकडून गिऱ्हाइकाने हाक मारली की हे उजवीकडे बघायचे. वहिनी जेवताना डाव्या हाताला बसायच्या. त्यांनी दोनदा काही विचारलं, उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांना वाटलं स्वारी कशावरून तरी रुसलीये, आणि त्यांनीही विचारायचं सोडून दिलं. एकदा रस्त्यावर मागे येणाऱ्या टेम्पोचा हॉर्न त्यांना ऐकू आला, पण तो कुठून आला हे कळलं नाही. ते नेमके टेम्पोच्याच बाजूला सरकले. ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून त्यांचा उद्धार केला. त्या दिवशी ते घरी आले आणि म्हणाले, “अगं, डॉक्टरकडे जाऊ या.”

कानाच्या डॉक्टर तरुण होत्या. काचेच्या बंद खोलीत बसवून त्यांनी तपासणी केली. मग विचारलं, “किती दिवस झाले?”

“झाला असेल आठवडा. जास्तच.”

“काका, असं झालं की लगेच यायचं असतं. पहिल्या एकदोन दिवसांत.”

“मळ असेल वाटलं.”

“मळ नाही. आतली नस आहे. गोळ्या देते, थोडंफार येईलही परत. पण भरवसा धरू नका.”

वहिनींनी बरंच विचारलं. कशामुळे झालं, दुसऱ्या कानालाही होईल का, यंत्र लावून उपयोग होईल का. काचवाल्यांनी एकच विचारलं, त्या तपासणीच्या खोलीची काच दुहेरी आहे का. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं.

घरी आल्यावर वहिनी औषधं लावून ठेवत होत्या. काचवाले बाहेरच्या खोलीत शिवणाच्या मशीनशेजारी हेडफोन लावून बसले होते. वहिनी पाण्याचा पेला घेऊन आल्या तर हे हेडफोन काढताहेत, उलटा फिरवून घालताहेत, पुन्हा काढताहेत, पुन्हा सरळ घालताहेत. चेहऱ्यावर काही नाही. एखादा स्क्रू बसतोय का बघावा तसं.

“काय करताय?”

त्यांना ऐकू गेलं नाही. वहिनींनी खांद्याला हात लावला. त्यांनी हेडफोन गळ्यात घेतला.

“ड्रमवाला गेला,” ते म्हणाले.

“अगंबाई! कधी? बातमीत आलं का?”

“तसा नाही. तो जिवंत असेल कुठेतरी. माझ्याकडून गेला.” मग त्यांनी हेडफोन उलटा करून दाखवला. “असा घातला की तो येतो, पण मग गिटारवाला जातो. दोघं एकदम येत नाहीत.”

वहिनींनी गोळी हातावर ठेवली. त्यांनी ती घेतली आणि पेला रिकामा करून दिला.

गोळ्यांचा उपयोग झाला तो इतकाच की शिट्टी जरा कमी झाली. त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. “मागच्या खोलीत माल भरलाय,” म्हणून रविवार बंद केले. माल खरोखरच भरला होता. स्पीकरच्या पुढ्यात आरशांची खोकी रचली होती. आमच्या मोबाईलवरच्या गटात मात्र त्यांचा कडवेपणा वाढला. कुणी नव्या प्रतीबद्दल बरं लिहिलं की ते तिथल्या तिथे हाणून पाडायचे. जुन्या प्रतीत कुठल्या गाण्यात काय कुठे आहे, ते सगळं पाठ होतं त्यांना. आता त्या पाठांतरावरच ते भांडत होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मोबाईलमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायची सोय असते. वहिनींनी ती कुणाला तरी विचारून लावून दिली. काचवाल्यांनी दोन गाणी ऐकली. सगळे परत आले होते, पण एका दारातून एकदम आत घुसायला बघत होते. ड्रमच्या खाली गिटार चेंगरत होती. त्यांनी “बरंय” म्हटलं आणि मोबाईल खाली ठेवला. तेव्हा वहिनींनी भावाला फोन केला. म्हणाल्या, “तुमची भांडणं तुम्ही बघा. पण त्यांना एकच कान उरलाय, आणि तो घेऊन ते कुढत बसलेत. मला ते बघवत नाही.”

दोन दिवसांनी इस्त्री दुकानात आला. काचवाले टेबलापाशी होते.

“एक काच हवी होती,” इस्त्री म्हणाला.

काचवाल्यांनी वर पाहिलं. “माप?”

इस्त्रीने माप सांगितलं.

“जाडी?”

“तुम्ही म्हणाल ती.”

काचवाले काच काढायला वळले. इस्त्री त्यांच्या मागोमाग गेला आणि म्हणाला, “ताई म्हणाली मला.” उत्तर आलं नाही. काचवाल्यांनी काच टेबलावर आडवी केली, पट्टी लावली, हिरकणी रॉकेलमध्ये बुडवून ओढली. इस्त्री तसाच उभा. त्याला वाटलं, अजून राग आहे, चला, काच घेऊन निघू. मग त्याच्या लक्षात आलं की आपण डावीकडे उभे आहोत. तो टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला.

“भाऊजी, ताई म्हणाली मला.”

“काय म्हणाली?”

“कानाचं.”

“हं.” त्यांनी काच रेघेवर मोडली. “खरंच हवीये का काच, की नुसताच आलास?”

“खरंच हवीये. खिडकी फुटलीये.”

“कधी?”

“झाले पाचसहा महिने. पुठ्ठा लावलाय.”

काचवाल्यांनी हात पुसले. “बसवायला मीच येतो. तू वाकडी बसवशील.”

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. जिना अरुंद, काच दोघांनी मिळून वर नेली, काचवाले पुढे, इस्त्री मागे. आत एका भिंतीला टेबल, त्यावर कॉम्प्युटरचे दोन पडदे आणि आवाजाची यंत्रं, ती लखलखीत. बाकी खोलीत घर बदलताना बांधलेली खोकी अजून तशीच, दोऱ्यासकट. ओट्यावर एक कप, एक ताटली. काचवाल्यांनी पुठ्ठा काढला, चौकटीतले जुने तुकडे वेचले, काच बसवली, पुट्टी भरली. मग चौकटीवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, “त्या दिवशी तिचा विषय काढायला नको होता मी.”

“काढलात ना. आता काय त्याचं.”

“काही नाही. सांगून ठेवलं.”

इस्त्रीने तो एकुलता कप विसळला, चहा केला आणि त्यांना दिला. स्वतःसाठी एका खोक्याचा दोरा तोडून दुसरा कप काढला. चहा पिता पिता म्हणाला, “बॅग ऐकता?”

“अर्धी.”

“माझ्याकडे जुनी प्रत आहे. तुम्ही मला दिलेली तीच. दोन्ही बाजू वेगळ्या काढून, दोघांना नीट जागा करून देऊन एकाच बाजूला आणता येतील. नुसतं एकावर एक टाकायचं नाही. ड्रम थोडा खाली, गिटार थोडी वर. खुर्ची तशीच ठेवतो.”

काचवाल्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. “रविवारी दुकान बंद असतं,” ते म्हणाले.

त्या रविवारपासून ते तिथे जायला लागले. सुरुवातीला इस्त्रीला वाटलं होतं, एका बैठकीत काम उरकेल. पण ज्या माणसाने जन्मभर कुणाला एक सूर हलवू दिला नव्हता, तो आता उजवा कान स्पीकरला लावून हुकूम सोडत होता. ड्रम मागे घे. एवढा नको. आता झांजा गेल्या, त्या आण. गाणाऱ्याला जरा वर चढव, नाही, ओरडतोय, उतरव.

“भाऊजी, ह्याला रीमिक्स म्हणतात,” इस्त्री एकदा म्हणाला.

“ह्याला दुरुस्ती म्हणतात. तुझं बघ.”

भांडणं व्हायचीच. इस्त्री म्हणायचा, खालचा आवाज इतका वाढवला तर सगळं घुसमटेल. काचवाले म्हणायचे, कान कुणाचा आहे? त्यावर इस्त्रीला काही बोलता येत नसे, आणि हे काचवाल्यांना ठाऊक असल्यामुळे ते हा मुद्दा गरजेपेक्षा जास्त वेळा काढत. दुपारी वहिनी डबा घेऊन यायच्या. एकदा त्यांनी येताना खिडकीचं माप घेतलं आणि पुढच्या वेळी पडदा आणला.

चौथ्या गाण्याच्या शेवटावर काम अडलं. कुठे विरवायचं यावर दोघं दोन रविवार अडून बसले. इस्त्रीकडे नव्या प्रतीतला जास्तीचा भाग होता; तो म्हणत होता, चूक राहू दे. काचवाले म्हणाले, तिच्या आधी थांबव. शेवटी जुन्या जागीच थांबवलं. इस्त्रीने हार मानली नाही. त्याने स्वतःसाठी चुकीसकट एक वेगळी प्रत करून ठेवली आणि तसं तोंडावर सांगितलंही.

रेकॉर्डची पहिली बाजू पुरी झाली तेव्हा काचवाल्यांनी आरशांची खोकी हलवून मागची खोली मोकळी केली आणि आम्हाला बोलावलं. तेव्हा कुठे आम्हाला कानाबद्दल कळलं. त्यांनी ते दोन वाक्यांत सांगितलं आणि गाणं लावलं. इस्त्री एका खोक्यावर हाताची घडी घालून बसला होता. आम्ही दोन्ही कान शाबूत असलेली माणसं. खरं सांगायचं तर आम्हाला ते दाटीवाटीचं वाटलं, सगळं कुटुंब एका लिफ्टमध्ये उभं केल्यासारखं. कुणी तरी तसं बोललंही. धूळवाले म्हणाले, ही काही जुनी बॅग नव्हे. फडकंवाले म्हणाले, ही नवीही नव्हे.

“तुमच्यासाठी केलेलीच नाही,” काचवाले म्हणाले, आणि रेकॉर्ड प्लेअरकडे बोट दाखवलं. “तुमची तिथे आहे. लावा की. मी कुठे नाही म्हणतोय?”

दुसरी बाजू अजून व्हायची आहे. इस्त्रीला मधे स्टुडिओत जास्तीचं काम आलं, आणि काचवाल्यांचंही मत असं की दुसऱ्या बाजूची गाणी तशीही तितकी चांगली नाहीत, घाई कशाला. यावरही दोघांचं पटत नाही.

रविवार पुन्हा सुरू झालेत. इस्त्री येतो, आणि हल्ली त्याच्याबरोबर त्याच्या स्टुडिओतली धडे वाचणारी एक बाईही कधीकधी येते. ती कुठल्याच पक्षात नाही. दुकानात काचवाल्यांनी टेबलाच्या डाव्या बाजूला एक उभा आरसा लावून घेतलाय, म्हणजे गिऱ्हाईक आलेलं दिसतं. मागच्या खोलीत ते अगदी डाव्या टोकाचं खोकं पकडतात. आम्ही सगळे त्यांच्या उजव्या हाताला येतो. डावीकडून कुणी काही बोललं तर त्यांना ऐकू येत नाही, पण तिकडे भिंतच आहे.